प्रेमाच्या गोष्टीत सातबाराही येऊ द्या

मराठी मालिकांच्या कथा, पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्या सर्व लेखक-लेखिकांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी वधू-वर सूचक केंद्रात काम करते. स्थळं सुचवायची, पत्रिका-फोटो इकडून तिकडे पोचवायचे, बैठकीत मधे बसून दोन्ही बाजूंचा आवाज खाली ठेवायचा, हे माझं काम. संध्याकाळी आमच्या भागातल्या घराघरांत तुम्ही लिहिलेली लग्नं चालू असतात आणि सकाळी त्याच घरांतली माणसं खऱ्या लग्नाचं बोलायला माझ्यासमोर येऊन बसतात. तुमच्या गोष्टी त्यांच्या बोलण्यात किती खोल उतरल्या आहेत ते मला रोज ऐकू येतं, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की तुमच्यावर काय दडपण येतं, कथानक एका दिवसात कसं फिरवावं लागतं, याची मला कल्पना आहे. तरीही नायिकेच्या तोंडचं वाक्य शेवटी तुमच्याच हातून उतरतं.

माझं म्हणणं एकच आहे. तुमच्या गोष्टींत पैसा सगळीकडे दिसतो, पण त्याबद्दल चांगलं माणूस कधी बोलत नाही. मालमत्तेची कागदपत्रं कोण चाळतं? रात्री कपाट उघडून उभी राहिलेली कारस्थानी काकू. बंगला कुणाच्या नावावर आहे हे कोण विचारतं? नायकावर डोळा ठेवून आलेली, परदेशात शिकलेली मुलगी. नायिका असलं काही विचारत नाही. ती साधी असते, देवापुढे दिवा लावते, सासरच्या सगळ्यांची मनं जिंकते आणि तिला व्यवहारातलं काही कळत नाही हाच तिच्या प्रेमाचा पुरावा ठरतो. प्रेम करणारी हिशेब विचारत नाही आणि हिशेब विचारणारीचं प्रेम खोटं, हे आमच्या मुलींच्या मनावर वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी बिंबतं आहे. त्यातून पुढे जे होतं ते मला बघवत नाही.

आमच्या फॉर्मवर मुलासाठी रकाने आहेत. शिक्षण, नोकरी, पॅकेज, शेती बागायत किती आणि जिरायत किती, पुण्या-मुंबईत स्वतःचा फ्लॅट आहे का, भावंडं किती. मुलगा एकुलता एक असेल तर ते आवर्जून ठळक लिहिलेलं असतं. मुलीच्या फॉर्मवर उंची, रंग, शिक्षण, नोकरी आणि स्वयंपाकाची आवड. तिच्या नावावर काय आहे, हा रकाना नाही. तो घालावा असं मी सुचवलं तेव्हा विरोध मुलींच्या आईवडिलांनीच केला. असं लिहिलं तर लोक काय म्हणतील, मुलीला भावांच्या वाटणीत तोंड घालायचंय असं वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग बैठक बसते. पहिला चहा झाला की मुलाकडचे वडीलधारे सांगतात, आम्हाला काही नको, फक्त नारळ आणि मुलगी द्या. थोड्या वेळानं हौसेनं काय घालायचं ते घाला, असं येतं. मग मोठ्या सुनेच्या अंगावर माहेरहून किती तोळे आले होते, त्याची आठवण निघते. मग लग्न कुणाच्या दारात, कार्यालय कोणतं, मानपान कुणाकुणाचा. हुंडा हा शब्द कुणी उच्चारत नाही, कारण १९६१ पासून तो गुन्हा आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हे सगळं चालू असताना जिचं लग्न ठरतंय ती आतल्या खोलीत असते.

अशाच एका बैठकीत एका मुलीनं बाहेर येऊन तीन गोष्टी विचारल्या. फ्लॅटचा हप्ता किती वर्षांचा आहे, लग्नानंतर माझ्या पगारातून तो जाणार का, आणि जाणार असेल तर फ्लॅटवर माझं नाव लागणार का. आवाज चढवला नाही, कुणाचा अपमान केला नाही. दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी फार व्यवहारी वाटली. तिच्या आईनं माझ्यासमोरच तिला बोल लावला, आणि असं वागायचं असतं म्हणून दाखला दिला तो तेव्हा चालू असलेल्या एका मालिकेतल्या सुनेचा. ती सून तुमच्यापैकी कुणीतरी लिहिली होती. चांगल्या मनानं लिहिली असेल. पण त्या दुपारी एका शहाण्या मुलीला गप्प बसवायला ती उपयोगी पडली.

आता कायदा काय सांगतो ते बघा, कारण तुमच्या गोष्टींतली घरं या राज्यातच उभी आहेत. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला. ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्या मात्र त्यातून वगळल्या गेल्या. २००५ मध्ये केंद्रानं हिंदू वारसा कायदा बदलला आणि विवाहित मुलीही त्यात आल्या. हा बदल लागू झाला तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तुमची गरीब नायिका जर कोकणातल्या कौलारू घरातून किंवा दोन एकरांच्या तुकड्यावरून आली असेल, तर ती अगदी रिकाम्या हाताची नाही. तिचा वाटा आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? वडील गेले की वर्षभरात भाऊ तिला तहसिलीच्या गावी बोलावतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्रावर तिची सही होते, तिला साडी-चोळी होते आणि जेवून ती परत जाते. बहुतेक जणी खुशीनं सही करतात असं सांगतात. नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती त्या खुशीच्या पोटात असते. सासरी काही झालं तर परत यायला एक दार उरावं, म्हणून त्या त्या दारावरचा हक्क सोडतात. मराठी घरातल्या बाईच्या आयुष्यातला इतका मोठा प्रसंग, आणि तो तुमच्या हजारो भागांच्या मालिकांत असा, साध्या खरेपणानं आलेला मला आठवत नाही. तिथे सही असते ती फसवून घेतलेली, दुधात गुंगीचं औषध घालून. खरी सही पूर्ण शुद्धीत होते, भावावरच्या मायेपोटी होते, आणि म्हणूनच ती लिहायला अवघड आहे.

दुसरा प्रसंग नायिकेला घराबाहेर काढण्याचा. पाऊस, हातात पिशवी, दार आपटून बंद. हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की पुढचं वाक्य आधीच सांगता येतं. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यानं पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते तिच्यासाठी सामायिक घर ठरू शकतं, हेही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तो हक्क अमर्याद नाही, न्यायालय दोन्ही बाजू बघतं, पण कायदेशीर मार्गाशिवाय तिला उचलून रस्त्यावर ठेवता येत नाही. हे तुमची नायिका कधी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली असती तर? संरक्षण अधिकारी नावाची व्यक्ती असते, तिच्याकडे अर्ज करता येतो, एवढं जरी एखाद्या भागात आलं असतं, तर माझ्याकडे रडत आलेल्या कितीतरी पोरींना ते आधीच माहीत असतं. तुम्ही तिला देवळात नेता. तिथे तिला एक आजी भेटते आणि ती आजी बंगल्याच्या मालकाची आई निघते.

आणि शेवटी मृत्युपत्र. आजोबा सगळं सुनेच्या नावावर करून जातात, कारण ती गुणी आहे. बघणाऱ्याचे डोळे भरून येतात, माझेही येतात. पण त्यातून समजूत अशी होते की बाईला घर मिळतं ते सहन केल्याचं बक्षीस म्हणून. तिच्या कष्टानं, तिच्या वाट्यानं, तिच्या हक्कानं ते कधी तिचं होत नाही. श्रीमंत माणसाची मर्जी बसली तर मिळेल. मग सगळं आयुष्य ती मर्जी बसवण्यात घालवायचं. प्रेमकथेतलं हे सर्वात मोठं विकृतीकरण आहे असं मी मानते, कारण इथे नवऱ्याचं प्रेम आणि घराण्याची कृपा एकमेकांत इतकी मिसळतात की ती कुणावर प्रेम करते आहे हे तिलाही कळत नाही.

आपल्या भाषेत असं नेहमीच लिहिलं जात नव्हतं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. म्हातारा श्रीमंत भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, आणि मधे दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित. व्यवहार उघड्यावर मांडलेला आहे. मुलीचा बाप पैसे घेतो हे देवलांनी झाकलं नाही आणि श्रीमंत नवरदेवाला देखणंही केलं नाही. ते लग्न मोडतं ते सगोत्र निघाल्यामुळे, शारदेला नको होतं म्हणून नव्हे, हे मला आजही खुपतं. पण पैसा लग्नात काय करतो हे त्या नाटकाच्या प्रेक्षकाला घरी जाताना नेमकं कळलेलं असे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुली आणि त्यांच्या पगारावर चाललेली माहेरं. पुस्तकानं एवढी खळबळ उडाली की टोपणनावामागे कोण आहे याचाच शोध सुरू झाला. बाईचा पगार आणि बाईचं प्रेम एकाच कथेत आणण्याचं धाडस तेव्हा झालं होतं.

आणि रखमाबाईंचं तर खरं आयुष्यच आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालेलं. वडील लहानपणीच गेले होते आणि त्यांची मालमत्ता आईनं लेकीच्या नावे केलेली. नवऱ्यानं १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला की ही नांदायला येत नाही. हा दावा मालमत्तेवर डोळा ठेवून आहे, असं त्यांच्या बाजूनं सांगितलं गेलं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूनं दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. तुरुंगात जाईन, असं त्या म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या आणि परत येऊन सुरत आणि राजकोटला डॉक्टर म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. एका मुलीच्या नावावर असलेली मालमत्ता, ती मालमत्ता तिच्या लग्नाचं काय करते, आणि अशा नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असं ती न्यायालयाला ठणकावून सांगते. याहून मोठं नाट्य तुम्हाला कुठे मिळणार आहे?

जातीबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारे पुष्कळ आहेत. तुमच्या गरीब नायिकेची गरिबी दिसते, जात दिसत नाही. सगळा विरोध 'आपल्या तोलामोलाची नाही' एवढ्यावर भागतो आणि एका भागात सासऱ्यांचं मन वितळलं की तो संपतो. माझ्या केंद्रात तोलामोलाचं या शब्दाआधी जातीचा रकाना भरलेला असतो. देशात आंतरजातीय लग्नं शंभरात पाचाच्या आसपास आहेत. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती नोटीस कुणाच्या हाती पडेल या भीतीनं जोडपी दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहतात. कुमुद पावडे यांनी १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये लिहून ठेवलं आहे की संस्कृतात उत्तम शिकूनही त्यांना नोकरी मिळाली ती आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदलल्यावर. प्रेमानं केलेल्या लग्नातही बाईची पात्रता नवऱ्याच्या आडनावानं मोजली गेली. हे त्यांनी अभिमान आणि वेदना दोन्ही राखून लिहिलं. तसं एक पात्र लिहा.

आता मुलांचं. माझ्याकडे सर्वात जास्त पडून असलेले फॉर्म शेती करणाऱ्या मुलांचे आहेत. चांगली मुलं आहेत. तीन-चार एकर बागायत, दोन-चार गाई, निर्व्यसनी, आईवडिलांना सांभाळून राहणारी. वय तिशी ओलांडतं आणि स्थळ येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. टीव्हीवर लोक ते बघून हसले. मला ती पोरं ओळखीची वाटली. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. गर्भातच ज्या मुली मारल्या, त्यांची वाट आता ही मुलं बघत आहेत.

पण गावात दोष कुणाला दिला जातो? मुलींना. मुली लोभी झाल्या, त्यांना पुण्याचा फ्लॅट हवा, पॅकेज हवं, सासू नको. आणि तुमच्या मालिकांतली खलनायिका नेमकी हेच मागत असते, त्यामुळे आरोपाला चेहरा तयार मिळतो. मी या मुलींशी एकट्यानं बोलते. त्या सांगतात, आईला पाहिलंय. आयुष्यभर त्या रानात राबली, खुरपलं, धारा काढल्या, बाजाराला माळवं नेलं, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव बाबा गेल्यावर वारस म्हणून लागलं. मुलगी पुण्याचा पगारदार मागते तेव्हा ती निदान आपल्या कष्टाचे पैसे आपल्या खात्यात जमा होतील एवढंच बघते आहे. तो तिचा हिशेब आहे आणि बरोबर हिशेब आहे. शेतकरी मुलाची बाजूही खरी, तिचीही खरी. दोघांच्या मधे जमिनीच्या मालकीचा प्रश्न उभा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. इथे एक सबंध मालिका आहे, आणि ती बंगल्याशिवाय होईल.

हे काल्पनिक वाटत असेल तर लक्ष्मीमुक्ती आठवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नवऱ्यांना आवाहन केलं की जमिनीचा काही भाग स्वखुशीनं बायकोच्या नावे करा. एका गावात शंभर कुटुंबांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यांपैकी एक. डोळ्यांपुढे आणून बघा. धोतर-टोपीतला पन्नाशीचा माणूस तलाठ्यापुढे बसून सांगतो, हिच्या नावे एक एकर करा. शेजारी डोक्यावर पदर घेऊन त्याची बायको. तीस वर्षांच्या संसारात तो तिला प्रेमाचं एक वाक्य बोललेला नसेल. एका नाकर्त्या, श्रीमंत नायकानं गच्चीवर लावलेल्या हजार दिव्यांपेक्षा मला हा प्रेमाचा प्रसंग मोठा वाटतो, आणि आमच्या गावातल्या बायकांनाही वाटेल, कारण त्या नोंदीचा अर्थ त्यांना तुमच्या-माझ्याआधी कळतो.

दिवसभर राबून आलेल्या बाईला सुंदर घर, सुंदर साड्या बघायला आवडतात, तिला पुन्हा तिचंच दुःख कशाला दाखवायचं, असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. मला हे मान्य आहे. तिचं स्वप्न मी हिरावून घेणार नाही, त्या साड्या मलाही आवडतात. पण स्वप्नात तिला मालकीण होऊ द्या. एप्रिल २०२१ पासून राज्यात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्या सवलतीसाठी नवऱ्यांनी बायकोच्या नावावर घेतलेले फ्लॅट मी पाहिले आहेत, आणि त्या घराची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत हे माहीत नसलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. आपल्याच घराची कागदपत्रं प्रेमानं, हक्कानं, न घाबरता मागणारी नायिका लिहा. तिच्या नवऱ्याला चांगला माणूस ठेवा. ती मागते तेव्हा त्याला आधी थोडं लागू द्या, मग समजू द्या. त्यांचं भांडण होऊ द्या आणि संसारही टिकू द्या.

लिहिण्याआधी बैठका जवळून बघायच्या असतील तर आमच्याकडे या. शनिवार-रविवारी दोन-तीन तरी बैठका असतात. दोन्ही घरांची परवानगी मी काढून ठेवीन. नावं, गावं, फोटो यातलं काही बाहेर जाणार नाही एवढी अट आहे. बाहेरच्या खोलीत जागा कमी पडते, तेव्हा एकानं आतल्या खोलीत मुलीजवळ बसावं. तिथलं बोलणं जास्त ऐकण्यासारखं असतं.

आपली नम्र,
वधू-वर सूचक केंद्रातील एक कार्यकर्ती